चुलीजवळची सातवी

माझ्या शाळेच्या कागदांत चौथीनंतर एकदम आठवी येते. मधली तीन वर्षं कुठल्याच रजिस्टरात नाहीत. पुढे मी आदिलाबादेत शिक्षण खात्याच्याच दफ्तरात कारकुनी केली. एकदा माझं सर्व्हिस बुक तपासताना साहेबांनी विचारलं, पाचवी-सहावी कुठे केली? मी म्हटलं, घरी. साहेबांना वाटलं, मला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी तो हिंदीतून परत विचारला. मी हिंदीतून परत तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि सही करून टाकली. त्या तीन वर्षांबद्दल सरकारी पातळीवर झालेली चौकशी एवढीच.

आमचं गाव इचोड्यापासून दीडेक कोसावर, नागपूरच्या मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. रात्रंदिवस ट्रकांचे आवाज यायचे आणि त्या आवाजांची इतकी सवय झाली होती की पुलाचं काम निघून रस्ता चार दिवस बंद पडला तेव्हा वस्तीतल्या लोकांना झोप येईना. वस्ती आमची, म्हणजे बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. वीस-बावीस घरं, मध्ये एक छोटं विहार आणि विहाराच्या भिंतीवर चुन्यात हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ‘शिका’. बाबा उटनूरच्या दफ्तरात शिपाई होते. सोमवारी पहाटे जायचे ते शनिवारी यायचे. येताना दफ्तरातले रद्द झालेले कागद आणायचे, एका बाजूला उर्दू नाहीतर तेलुगू, दुसरी बाजू कोरी. माय लोकांच्या वावरात मजुरीला जायची. घरात मी आणि माझी धाकटी बहीण रंजना. आमच्या घरात सकाळी भाकर थापल्याचा आवाज झाला की दिवस उजाडला, असं धरून चालायचं. भाकर ज्वारीची, सोबत अंबाडीची भाजी नाहीतर ठेचा, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुकट. सुकट भाजली की रंजना भाकरी न मोजता खायची आणि माय तिच्याकडे कौतुकानं बघायची.

चौथीपर्यंत मी गावातल्या मराठी शाळेत होते. खोली एक, मास्तर एक, इयत्ता पाच. गणपत मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती आणि लहान मूल घरात होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तर मास्तर ते मूल शाळेत आणायचे आणि मुलींकडे द्यायचे. मुलींकडे म्हणजे आमच्या वस्तीतल्या मुलींकडे. गावातल्या मुली आपापल्या जागेवर बसायच्या. एकीनं मूल घ्यायचं, दुसरीनं विहिरीवरून त्यांच्या घरी पाणी न्यायचं. गंमत अशी की आमच्या हातचं पाणी त्यांच्या घरात सांडायला चालायचं, पिण्याचा घडा मात्र वेगळा भरायचा. मला तेव्हा यात काही खटकत नव्हतं, उलट मूल घेऊन हिंडायला बरं वाटायचं. मायला हे कळलं ते पाचवीच्या सुरुवातीला. तिनं मला तिसरीचं पुस्तक वाचायला दिलं आणि मी अडखळले. “चार सालं काय शिकली?” तिनं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं की मास्तरचं मूल माझ्याकडे सगळ्यात लवकर झोपतं.

दुसऱ्या दिवशी माय कामावर गेली नाही. डोक्यावरचा पदर नीट करून ती शाळेत गेली आणि दारातूनच बोलली. मी आत होते, मूल माझ्याच खांद्यावर होतं. “मास्तर, लेकरू सांभाळनं शिकाचं असंल तं माह्या घरी बी लेकरू हाय,” ती म्हणाली. “तुमचं तुमी घ्या, माह्यी पोट्टी मी घेऊन जातो.” मास्तर म्हणाले, “नाव कमी होईल, बाई. मग परत घेता येनार नाई.” माय म्हणाली, “करा कमी. तुमच्या शाळंची पायरी मी आता मरेलोक चढत नाई.” तिनं माझ्या खांद्यावरून मूल उचलून टेबलावर ठेवलं, मला हाताला धरलं आणि आम्ही घरी आलो. मूल रडत होतं ते मला रस्ताभर ऐकू येत होतं.

आता, ज्या वस्तीत भिंतीवर हातभर अक्षरांत ‘शिका’ लिहिलं आहे, तिथं पोरीचं नाव शाळेतून काढणं म्हणजे काय, हे आजच्या माणसाला सांगूनही कळायचं नाही. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर गरिबी म्हणून लोकांनी समजून घेतलं असतं. मायनं काढलं होतं रागानं. शनिवारी बाबा आले तसे दसरथमामा, म्हणजे बाबांचे मामा आणि विहाराचं सगळं बघणारे म्हातारे, आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांच्यामागे अर्धी वस्ती. “सूनबाई,” ते म्हणाले, “आपल्या मानसानं शाळा सोडली तं बाकीच्याइनं काय कराव?” माय आतून म्हणाली, “शाळा सोडली, शिकनं नाई सोडलं. मी शिकवतो.” त्यावर हसू पिकलं. माय पांढरकवड्याकडची, तिकडे चौथी पास. मामांनी एकेक प्रश्न काढायला सुरुवात केली. पाचवीचं गणित तू शिकवशील काय? तेलुगू कोन शिकवंल? दाखला कोन देईल? चार पोराइत बसली नाई तं पोट्टी बोलाले शिकंल काय? आनं उद्या लग्नाच्या बैठकीत विचारलं का शाळा कोनती, तं काय सांगशीन? माय प्रत्येक प्रश्नाला “पाहू” म्हणत राहिली.  नंतर बाबा इतकंच म्हणाले की सातवीची परीक्षा बाहेरून देता येते, दफ्तरात असे फॉर्म त्यांनी पाहिले आहेत. तिथून ठरलं. सातवी पास झाले तर इचोड्याच्या हायस्कुलात आठवीला नाव घालायचं. नापास झाले तर वावर होतंच, आणि माय आयुष्यभर वस्तीचं ऐकून घेणार होती.

रंजनाची मुलगी नागपुरात असते, चांगली शिकलेली आहे. तिनं आपल्या मुलाला शाळेत न घालता घरी शिकवायचं ठरवलंय. परवा तासभर फोनवर ती मला विचारत होती. मुलगा एकलकोंडा होईल का, पुढे परीक्षा कशी द्यायची, मोठ्या वयात गणित आपल्याला झेपेल का, नातेवाईक नावं ठेवतात त्यांना काय सांगायचं. मी ऐकत होते आणि मला ओट्यावर बसलेले दसरथमामा दिसत होते. माणसं बदलली, प्रश्न तेच आहेत. एक प्रश्न मात्र तिलाही सुचला नाही आणि मामांनाही सुचला नव्हता. शाळेतला मास्तर शाळेत राहतो. माझा मास्तर मला जेवायला वाढायचा. दुपारी भागाकार चुकला की संध्याकाळची भाकर मुकाट्यानं ताटात पडायची, आणि रुसून जावं तर जायचं कुणाकडे? शाळेत मार खाल्लेली पोरं मायकडे येतात. मी ओट्यावर जाऊन ट्रक मोजायची.

मायच्या शिकवण्याला वेळापत्रक नव्हतं, नियम मात्र दोन होते. पहिला नियम, आवाज आला पाहिजे. ती चुलीशी असायची, नाहीतर अंगणात तुरी पाखडत असायची, तिला माझ्याकडे बघत बसायला फुरसत नव्हती. आवाज चालू आहे म्हणजे अभ्यास चालू आहे. वाचायचं मोठ्यानं, गणित करायचं तेही बोलत, लिहायचं तरी शब्द तोंडानं म्हणत. मी जरा गप्प झाले की आतून हाक यायची, “आवाज काऊन बंद झाला वं?” मला त्याचं काही वाटत नव्हतं. शाळेतही आम्ही पाच इयत्ता मिळून ओरडूनच वाचायचो. स्वतः माय वाचायची तीही बोट ठेवून, मोठ्यानं. मनातल्या मनात वाचतात हे मला माहीतच नव्हतं.

दुसरा नियम, जे वाचलं ते तिला समजावून सांगायचं. चौथीच्या पुढचं तिला येत नव्हतं आणि ते तिनं कधी लपवलं नाही. “मले नाई समजलं म्हंजे तुले बी नाई समजलं,” असं ती म्हणायची आणि मला धडा परत वाचायला लावायची. अपूर्णांक आम्ही भाकरीवर केले. एक भाकर तिघींत, मग दोन भाकरी तिघींत, मग तीन भाकरी चौघांत कारण शनिवारी बाबा असायचे. गणित सुटेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. रंजना रडायची आणि तिच्या रडण्यामुळे मी लवकर उत्तर काढायला शिकले. भूमिती मात्र आम्हा दोघींना कधीच झेपली नाही. कोन म्हणजे काय ते मी तिला सांगितलं, तिनं विळी उघडून दाखवली, म्हणाली हा कोन, आणि पुढचं पान उलटलं.

कापूस वेचायच्या दिवसांत आम्ही दोघी मायबरोबर वावरात जायचो. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून मोठ्यानं वाचायची आणि पंधरा-वीस बाया ओळीनं वेचत ऐकत जायच्या. ओळ लांब गेली की “जोरानं वाच वं” असा पुकारा व्हायचा. इतिहास त्यांना आवडायचा, नागरिकशास्त्र आलं की त्या आपसात बोलायला लागायच्या. पृथ्वी फिरते हा धडा वाचला त्या दिवशी सरूबाई नावाची एक बाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. “धरती फिरते तं माह्या घराचं दार रोज उगवतीकडंच काऊन रायते?” सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं की घरही फिरतं, उगवतही फिरते. ती म्हणाली, “मंग कायले शिकून राह्यली? आहे थेच तं हाय.” त्यावर बाया इतक्या हसल्या की मुकादम बांधावरून ओरडला. चार पोरांत बसली नाही तर बोलायला कशी शिकेल, या मामांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळत होतं, निदान मायला तरी तसं वाटत होतं. मला वाटत नव्हतं. माझ्या वयाच्या मुली दहा वाजता पिशव्या घेऊन ओट्यासमोरून जायच्या आणि मला “चुलीजवळची म्याडम” म्हणून हाक मारायच्या. संध्याकाळी त्या लंगडी खेळताना मी जाऊन उभी राहिले की डाव आधीच मांडलेला असायचा. आपण कुणालाच नको आहोत, असं मला त्या तीन वर्षांत रोज एकदा तरी वाटायचं. मी हे मायला कधी सांगितलं नाही.

तेलुगू शिकवली राजव्वानं. मोठ्या रस्त्यावर तिचं चहाचं हॉटेल होतं. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती माझ्याशी मराठीत एक शब्द बोलायची नाही. कप विसळू लागायचं आणि तेलुगूत बोलायचं, नाहीतर उठायचं. अक्षरं मी बसच्या पाट्यांवरून शिकले. निर्मलची बस ठरलेल्या वेळी यायची, म्हणजे पाटीवर निर्मलच लिहिलेलं असणार, तिथून एकेक अक्षर ओळखत जायचं. बाबांनी एक अंकलिपी आणून दिली होती, पण पाट्या जास्त उपयोगी पडल्या. अजूनही कुठली तेलुगू पाटी दिसली की मला आधी चहाचा वास येतो.

परीक्षा चैत्रातल्या उन्हात आली. केंद्र इचोड्याला. पहिला पेपर मराठीचा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. माय पहाटे उठली, दशम्या केल्या, लसणाची चटणी वाटली, माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले. वस्तीतली माणसं ओट्यांवर उभी राहून बघत होती. दसरथमामा काठी टेकत बसपर्यंत आले आणि तसेच परत गेले. केंद्रावर माय इतर पालकांबरोबर कडुलिंबाखाली बसली. मला खिडकीजवळची जागा मिळाली. आणि व्हरांड्यात, पुरवण्यांचा गठ्ठा आणि दोऱ्याचं रीळ घेऊन उभे होते गणपत मास्तर. आसपासच्या गावांतले मास्तर परीक्षेच्या कामाला घेतात, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन वर्षं माय त्यांचं नाव घेत नव्हती, “थो पानी भराले लावनारा” एवढंच म्हणायची.

पेपर हातात आला आणि मी पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला. सगळी खोली वळून बघायला लागली. पर्यवेक्षक तेलुगू होते, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प झाले, उत्तर आठवलं, लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता बोलायला लागले. मला ते कळलंच नाही. मागच्या मुलानं माझं ऐकून भराभरा लिहायला सुरुवात केली, ते मात्र पर्यवेक्षकांना दिसलं. त्यांनी टेबलावर हात आपटला. मी उत्तर सांगतेय असं त्यांना वाटलं आणि त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी माझा पेपर उचलून आपल्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, परत आवाज आला तर घरी जायचं. थोड्या वेळानं पेपर परत दिला. मी दात घट्ट मिटले. आणि डोक्यात काहीच येईना. जी कविता मी वावरात वीसदा म्हटली होती, तिची पहिली ओळसुद्धा येईना. ओठ हलल्याशिवाय मला काही आठवतच नव्हतं. मी कोऱ्या कागदाकडे बघत बसले. घड्याळ पुढे जात होतं. मी नापास होणार, माय हरणार आणि ते माझ्यामुळे, एवढं एकच मला स्पष्ट दिसत होतं.

कडुलिंबाखालून मायला माझी खिडकी दिसत होती. सुरुवातीचा माझा आवाज तिनं ऐकला होता आणि तो थांबल्याचंही ऐकलं होतं. मी लिहीत नाही हे तिला तेव्हाच कळलं असणार, दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. ती उठली. ती व्हरांड्याच्या पायऱ्या चढून आली ते मी तिरक्या नजरेनं पाहिलं. गणपत मास्तर तिला पाहून एक पाऊल मागे सरले. त्यांना वाटलं असेल, ही आता इथंही भांडणार.

“मास्तर,” माय म्हणाली, “माह्या पोट्टीले बोलल्याशिवाय लिवता येत नाई.”

“म्हंजे?”

“मी तिले तसंच शिकवलं. आवाज आला पायजे म्हनून मीच तिच्या मागं लागत होतो. गुपचूप लिवाव लागते हे मले काय माईत? तिले सगळं येते, मास्तर. तिची चूक नाई. माह्यी चूक हाय.”

माय चूक कबूल करणाऱ्यांतली बाई नव्हती. भाजी खारट झाली तर ती मिठाला दोष द्यायची. आणि ती हे त्या माणसासमोर बोलत होती, मान खाली घालून, सगळे पालक बघत असताना. मास्तर थोडा वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग गठ्ठा खाली ठेवून मोठ्या साहेबांच्या खोलीकडे गेले. पाच-सात मिनिटांनी त्यांनी स्वतः एक बाक ओढत व्हरांड्याच्या टोकाला नेला, जिथून माझा आवाज कुठल्याच खोलीत जाणार नव्हता, आणि मला हात करून बोलावलं. साहेबांनी अट घातली होती की कुणीतरी सतत शेजारी उभं राहायचं. मास्तर उभे राहिले. त्या दिवशी आणि त्यानंतरच्या प्रत्येक पेपराला, भर उन्हात, पूर्ण वेळ. मी मोठ्यानं उत्तरं म्हणत लिहायची आणि ते ऐकत असायचे. दुसऱ्या दिवशी एका उत्तरात मी चुकले तशी त्यांची भुवई हलली, ते मी पाहिलं आणि थांबले. त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून ते माझ्याकडे पाठ करून, शेतांकडे तोंड करून उभे राहायला लागले. मूल खांद्यावर देणारा मास्तर आणि हा मास्तर, दोन्ही एकच माणूस होता. हे समजायला मला फार वर्षं लागली.

शेवटच्या पेपरानंतर मायनं दशम्यांची पुरचुंडी पायरीवर त्यांच्याजवळ ठेवली. हातात दिली नाही. घेतली नाही तर दोघांनाही न दिसल्यासारखं करता यावं, म्हणून असेल. मास्तरांनी गाठ सोडली, तिथंच पायरीवर बसले, सगळ्या मास्तरांच्या देखत एक दशमी खाल्ली आणि लोटा पुढे करून मायकडेच पाणी मागितलं. मायनं वाकून पाणी वाढलं. आभार कुणीच मानले नाहीत.

मी पास झाले. गणितात काठावर, तेलुगूत सगळ्यांना नवल वाटावं इतके गुण. मामांनी विहारात माझं नाव घेतलं आणि वस्तीनं टाळ्या वाजवल्या. माय जिंकली, असं सगळे म्हणाले. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिनं रंजनाची वेणी घातली आणि सांगितलं की उद्या हिचं नाव गणपत मास्तरच्या शाळेत घालायचं. रंजनाचा अभ्यासही घरीच होणार, तिला आता मी शिकवणार, असं मी मनाशी धरून चालले होते. मला कुणी विचारलं नाही. मला इतका राग आला की मी जेवले नाही. व्हरांड्यातलं तिचं बोलणं मी शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. ती म्हणाली होती, चूक झाली. चूक दुरुस्त करायची म्हणून रंजना शाळेत चालली होती. म्हणजे जी आधीच होऊन बसली, ती चूक मी होते.

सकाळी आम्ही तिघी गेलो. माय पायरी चढली आणि रंजनाला पुढे केलं. मास्तर म्हणाले, “हिच्याकडून कोनतंच काम नाई करून घेनार, बाई.” माय म्हणाली, “करून घ्या. शाळंचं काम सगळेच करतात. पन सगळ्याइले सारखं. गावातल्या पोराइले बी.” मास्तरांनी मान हलवली आणि रजिस्टर उघडलं. आत खोलीत पोरं ओरडून पाढे म्हणत होती. रंजना कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसली, त्या मुलीनं तिला सरकून जागा दिली, आणि दोघी लगेच कसल्याशा गोष्टीवर हसायला लागल्या. इतक्या लवकर. मी दारात उभी राहून बघत होते.

परतीच्या वाटेवर मी मायला विचारलं, “मले घरी शिकवलं थे चुकलं काय?”

ती चालत राहिली.  मग ती म्हणाली, “शिकवलं थे नाई चुकलं. तुले एकटीले ठेवलं, थे चुकलं. पोट्ट्या लंगडी खेळाच्या आनं तू कोपऱ्यात उभी रायची. मले चुलीपासून दिसत होतं.”

तीन वर्षं मी जे लपवलं होतं ते तिला रोज दिसत होतं आणि तरी ती मला पुढचं पान वाचायला लावत होती. याचा राग यावा की रडू, ते मला तेव्हा समजलं नाही. आज साठीला टेकले तरी समजलेलं नाही. मी तिचा हात धरला. मी मोठी झाले होते, हात धरून चालायचं वय गेलं होतं, पण तिनं तो सोडवला नाही.